इंग्रजी साहित्य घेतेस? मग मूळ पुस्तक उघड

अगं, बारावीचा निकाल लागल्यापासून तू गप्प गप्प असतेस, असं मावशी सांगत होती. कारण मला ठाऊक आहे. तुला इंग्रजी साहित्य घेऊन शिकायचंय आणि ते घरात मोठ्याने म्हणायची हिंमत होत नाहीये. भिलाईच्या पावर हाउसमधल्या आपल्या घरांत मुलगी हुशार निघाली की तिचा रस्ता आधीच आखलेला असतो. एक तर कोचिंग लावून इंजिनिअरिंग-मेडिकल, नाही तर बीकॉम करून बँकेची परीक्षा. साहित्य म्हटलं की लगेच विचारतात, "त्याचं पुढे काय?" या प्रश्नाचं उत्तर मी तुला देणार आहे, अगदी परीक्षांच्या नावांसकट देणार आहे. पण ते शेवटी. त्याआधी एक गोष्ट तुझ्या मनात पक्की व्हायला हवी, कारण तिच्याशिवाय नोकरीचं सगळं गणित फुकट जातं.

ती गोष्ट म्हणजे, या विषयात मूळ पुस्तक स्वतः वाचायचं असतं. ऐकायला साधं वाटतं ना? पण इंग्रजीत एमए झालेल्या कितीतरी मुली मला माहीत आहेत, ज्यांनी नेमलेल्या कादंबऱ्यांपैकी एकही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली नाही. हुशार मुली, फर्स्ट क्लास मिळवलेल्या. पुढे शाळेच्या मुलाखतीत कुणी साधं विचारलं, "यातलं कुठलं पात्र तुम्हाला आवडलं आणि का?", की त्यांच्याकडे सांगायला काही उरत नाही. चार-पाच वर्षं घालवून पदवी हातात आणि विषय हातात नाही, असं तुझं व्हायला नको.

इंग्रजी बोलण्याची धास्ती घेऊ नकोस. मार्केटमध्ये फिरलं की स्पोकन इंग्लिशच्या पाट्या जिथे तिथे दिसतात, आणि त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं की इंग्रजी साहित्य म्हणजे त्याचाच मोठा कोर्स. तसं काही नाही. फाडफाड बोलणं हा या विषयाचा हेतूच नाही. वाचणं, वाचलेल्यावर विचार करणं आणि तो विचार नेमक्या वाक्यांत लिहिणं, एवढा हेतू. बोलणं त्यामागून येतं, आणि वाचणाऱ्या मुलीचं बोलणं थोडं सावकाश असलं तरी त्यात दम असतो.

तुझी खरी भीती वेगळी आहे, हो ना? टाउनशिपच्या सेक्टरमधल्या इंग्लिश मीडियमच्या मुली आणि आपण कॅम्पातल्या हिंदी मीडियमच्या. वर्गात त्या पहिल्या बाकावर बसून मॅडमशी इंग्रजीत बोलतील आणि आपण मागे वही चाळत बसू. तर ऐक. तुझ्या घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि भिंतीपलीकडे तेलुगू नाही तर मल्याळी. कुणाशी कोणत्या भाषेत बोलायचं, कुठे भाषा बदलायची, कोणत्या भाषेत रागवायचं आणि कोणत्या भाषेत विनवायचं, हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. एमएला भाषाविज्ञानाच्या पेपरात कोड-स्विचिंग नावाचा धडा असतो. त्यात जे लिहिलंय ते तू सकाळी दूध आणायला गेल्यापासून करत असतेस. ही तुझी शिदोरी आहे, आणि पहिल्या बाकावरच्या सगळ्यांकडे ती असेलच असं नाही.

आपला हा सगळा मुलूखच दोन-दोन भाषांत जगत आलाय. इथून तासाभरावर राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घर मराठी, लेखन हिंदी, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीत कविता लिहीत. युरोपातलं साहित्य मुक्तिबोधांनी वाचलं ते इंग्रजीतून. त्याच्याही आधी, १९०० साली, पेंड्र्याहून माधवराव सप्र्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढलं, आणि पुढे टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. आणि आपलं भिलाई? १९५५ च्या करारानंतर रशियन तज्ज्ञ इथे आले, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी केलं. त्या मधल्या वर्षांत रशियन इंजिनिअर आणि आपले लोक यांच्यामध्ये दुभाषे उभे असत. एका भाषेतलं काम दुसऱ्या भाषेत अचूक पोचवणारी माणसं नसती तर कारखाना उभा राहिला नसता. तेव्हा "भाषा शिकून काय होतं" असं भिलाईत तरी कुणी म्हणू नये.

आणखी एक गोष्ट तुला कॉलेजात कदाचित खूप उशिरा सांगतील, म्हणून मी आत्ताच सांगते. इंग्रजी साहित्य हा विषय म्हणून आधी रुजला तो आपल्याकडे. ऑक्सफर्डमध्ये त्याची स्वतंत्र पदवी परीक्षा १८९० च्या दशकात सुरू झाली, केंब्रिजमध्ये १९१७ मध्ये. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं १८५७ ची, आणि त्याच्याही आधीपासून इथल्या कॉलेजांतली मुलं शेक्सपिअर आणि मिल्टनवर परीक्षा देत होती. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' या पुस्तकात हे सविस्तर मांडलंय. राज्य चालवायला इथल्या माणसाचं मन घडवावं, या हेतूने कंपनी सरकारने हे साहित्य शिकवायला घेतलं, असं त्या म्हणतात. ही पार्श्वभूमी माहीत असली की या विषयापुढे दबून जावंसं वाटत नाही. लेखक कितीही मोठा असो, त्याला प्रश्न विचारायचा हक्क तुला आहे. पण प्रश्न विचारायला आधी त्याचं पुस्तक वाचलेलं हवं.

आता गाइडांबद्दल. परीक्षा जवळ आली की कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक गठ्ठा फिरायला लागतो. 'इम्पॉर्टंट' म्हणून खुणा केलेले दहा-बारा प्रश्न, प्रत्येकाचं दीड पानाचं उत्तर. तेच उत्तर शंभर मुली लिहितात. मार्कही पडतात, हे मी नाकारत नाही. पण त्या उत्तरांनी तुझं काय जातं, ते एका पुस्तकावरूनच दाखवते.

चार्ल्स डिकन्सची 'हार्ड टाइम्स' ही १८५४ ची कादंबरी. कितीतरी विद्यापीठांत ती नेमलेली असते. गाइडमध्ये लिहिलेलं असतं की ही उपयुक्ततावादावर आणि यंत्रयुगावर टीका आहे. खरंच आहे ते. आता पुस्तक उघड. सुरुवातीला एक शाळा आहे. ग्रॅडग्राइंड नावाचे गृहस्थ वर्गात उभे आहेत. त्यांना मुलांच्या डोक्यात फक्त माहिती भरायची आहे, बाकी कशालाच तिथे जागा नाही. सिसी ज्यूप नावाची मुलगी वर्गात नवीन आलीय. तिचा बाप सर्कशीत घोड्यांबरोबर काम करतो, म्हणजे ती घोड्यांमध्येच वाढलेली. तिला नावाने हाक न मारता नंबराने उभं करतात आणि सांगतात, घोड्याची व्याख्या कर. ती घाबरते. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग बिट्झर नावाच्या मुलाला विचारतात. तो पाय किती, दात किती, खातो काय, खूर कसे, सगळं घडाघडा म्हणून दाखवतो. आणि ग्रॅडग्राइंड त्या मुलीला सांगतात, आता तुला कळलं घोडा म्हणजे काय!

जिने घोड्याच्या अंगावरून हात फिरवलाय तिला घोडा माहीत नाही, आणि ज्याने दात मोजून पाठ केलेत त्याला माहीत आहे. हा अन्याय वाचताना तुझ्या पोटात कालवाकालव होते. ती होणं म्हणजेच साहित्य वाचणं. गाइडमधल्या त्या एका ओळीने ती होत नाही.

अजून जवळ जा. त्याच प्रसंगात डिकन्सने खिडकीतून येणारं ऊन दाखवलंय. उन्हाची तिरीप सिसीच्या बाकावर सुरू होते आणि बिट्झरपर्यंत जाते. त्या उन्हात सिसीचे काळे केस आणि डोळे आणखी गडद, आणखी जिवंत दिसतात. त्याच उन्हात बिट्झर मात्र आधीच फिकट, तो आणखी पांढराफटक पडतो. ऊन एकच. लेखकाने कुठेही म्हटलेलं नाही की ही मुलगी चांगली आणि तो मुलगा पोकळ. त्याने फक्त ऊन पाडलं. हे तू स्वतः पाहिलंस आणि परीक्षेत आपल्या शब्दांत लिहिलंस, तर त्या शंभर पेपरांत तपासणाऱ्याची मान तुझ्याच पेपरावर वर होईल. आणि नाही झाली, तरी तुझं वाचन तुझ्यापाशी राहीलच.

या कादंबरीतलं गाव आहे कोकटाउन. धूर ओकणारी धुराडी, विटांच्या भिंती, एकसारखे रस्ते, एकाच वेळी कामावर जाणारी आणि एकाच वेळी परतणारी माणसं. लंडनमधल्या एखाद्या मुलाला हे कल्पनेने उभं करावं लागेल. तुझ्या शेजारचे काका कोक ओव्हनमधून रिटायर झालेले असतात. नाइट शिफ्टवरून आलेला माणूस झोपलाय म्हणून सकाळी घरात भांडं वाजवायचं नाही, हे तू लहानपणापासून शिकलीस. कोकटाउन तुला कुणी समजावून सांगायला नको.

आणि इथेच तुझं डिकन्सशी भांडण व्हायला हवं. कादंबरीत कामगारांची संघटना आहे. तिचा पुढारी स्लॅकब्रिज हा डिकन्सने नुसता आरडाओरडा करणारा, माणसांना भडकवणारा रंगवलाय. संघटनेत न येणारा विणकर स्टीफन ब्लॅकपूल मात्र सोशिक आणि भला, आणि सोबतचे कामगार त्यालाच वाळीत टाकतात. १८५४ च्या जानेवारीत डिकन्स स्वतः प्रेस्टनचा संप पाहायला गेला होता, तरी कादंबरीत त्याने संघटनेला न्याय दिला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तू तर पावर हाउसची. १ जुलै १९९२ ला याच स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, माणसं गेली. त्याआधी २८ सप्टेंबर १९९१ ला कामगार पुढारी शंकर गुहा नियोगींची भिलाईतच हत्या झाली. घरातल्या मोठ्यांना विचार, त्यांची मतं वेगवेगळी असतील. कुणी नियोगींच्या बाजूचं, कुणी विरोधातलं. पण ती सगळी ऐकलेली मुलगी स्लॅकब्रिजचं भाषण वाचेल तेव्हा तिला वाटेलच की कामगार पुढारी म्हणजे एवढंच नसतं, लेखकाने इथे हात आखडता घेतला. हे पुस्तकातले प्रसंग दाखवून लिही. टीकाकारांनीही डिकन्सवर हा आक्षेप घेतलेला आहे, ते नंतर वाचशील. पण तू तो स्वतःच्या वाटेने गाठलेला असशील, आणि मग टीकाकाराचं पुस्तक तुला भिववणार नाही.

शेक्सपिअरचंही तसंच. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये सहा कारागीर आहेत: सुतार, जोडारी, विणकर, कल्हईवाला, शिंपी आणि भाता दुरुस्त करणारा. दिवसभर राबून ही माणसं ड्यूकच्या लग्नात नाटक करायचं म्हणून रानात तालमी करतात. भिलाईत शिफ्ट संपवून तालमीला जाणाऱ्या कामगारांची परंपराच आहे. तुझ्या ओळखीतही कुणीतरी निघेल. रायपूरच्या हबीब तन्वीरांना हे फार आधी दिसलं. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, पुढे लंडनला नाट्यशिक्षण घेतलेले हबीबसाहेब १९९३ मध्ये हेच नाटक 'कामदेव का अपना बसंत ऋतु का सपना' म्हणून घेऊन आले, आणि त्यांच्या नया थिएटरचे छत्तीसगढी कलावंत त्यात होते. तेव्हा शेक्सपिअर आपल्यासाठी नाही, असं पुन्हा म्हणू नकोस.

"पण ताई, वाचायचं कसं? एका पानावर पंधरा शब्द अडतात." अडू देत. पहिल्या वाचनात शब्दकोश बाजूला ठेव. शब्द अडला की पेन्सिलीने बारीक खूण कर आणि पुढे जा. प्रकरण संपलं की ज्या खुणांशिवाय गोष्टच कळली नाही तेवढेच शब्द पाहा. शब्दकोश घ्यायचा तर इंग्रजी-इंग्रजीच घे, ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स. तो ए. एस. हॉर्नबी यांनी ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा शिकणाऱ्यांसाठीच सुरू केला, म्हणून त्यातले अर्थ सोप्या इंग्रजीत असतात. मग त्या प्रकरणाची गोष्ट आईला स्वयंपाकघरात मराठीत सांग. सांगता सांगता जिथे तू अडखळशील, तेवढं पुन्हा वाच. रात्री त्याच प्रकरणावर अर्धं पान इंग्रजीत लिही. साधी, छोटी वाक्यं. गाइडातलं भारदस्त वाक्य उचलून आणायचं नाही. चुका होतील, पण त्या चुका तुझ्या वाक्यातल्या असतील, म्हणून सुधारता येतील. पाठ केलेल्या वाक्यातली चूक तुला दिसणारसुद्धा नाही.

कविता आणि नाटक मोठ्याने वाच. घरात संकोच वाटत असेल तर गच्चीवर जा. मिल्टनची लांबलचक वाक्यं डोळ्यांना कळत नाहीत, कानांना कळतात.

पुस्तकांना फार पैसे लागत नाहीत. डिकन्स, ऑस्टिन, शेक्सपिअर हे सगळे जुने लेखक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत, मोबाइलवर उघडतात. इग्नूच्या एमए इंग्रजीचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशवर आहे. आधी मूळ पुस्तक, मग इग्नूची पुस्तिका, आणि शेवटच्या महिन्यात प्रश्न कसे येतात ते बघायला वाटलंच तर गाइड. हा क्रम उलटा करू नकोस. सिनेमासुद्धा पुस्तकानंतर.

आणि एक मजा सांगते. अभ्यासक्रमात पुढे पुढे आपली मराठी पुस्तकंच इंग्रजीतून समोर येतात. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' कितीतरी विद्यापीठांत भारतीय नाटकाच्या पेपरात असतं. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि उर्मिला पवार यांचं 'आयदान' ही दोन्ही माया पंडितांनी इंग्रजीत नेली, दोन्ही २००८ मध्ये आली. वर्गातल्या इतर मुली फक्त इंग्रजी वाचतील. तू मूळ मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचू शकतेस. बोलीचा ठसका कुठे टिकला, कुठे गेला, अनुवादकाने कुठे हात दिला, हे तुला दिसेल. एमएला लघुप्रबंध करायची वेळ आली तर हाच विषय घे. त्यासाठी मराठी वाचन मात्र सोडू नकोस. हिंदी मीडियममध्ये शिकून आपलं मराठी बोलण्यापुरतं उरतं, हे मला माहीत आहे. मागवून, मागून, कुठूनही मराठी पुस्तकं मिळव आणि वाच.

इंग्रजी शिकलं की मराठीपासून तुटतो, असं एखादा काका म्हणेल. त्याला सांग, धारवाडसारख्या कन्नड गावात जी. ए. कुलकर्णी आयुष्यभर इंग्रजी शिकवत होते आणि मराठीत कथा लिहीत होते. महेश एलकुंचवारांनी नागपूरला इंग्रजी साहित्य शिकवत 'वाडा चिरेबंदी' लिहिलं. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक, नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक, आणि दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं. गौरी देशपांडे इंग्रजीच्या प्राध्यापक, त्यांनी 'अरेबियन नाइट्स' मराठीत आणलं. यातलं कुणीही मराठीला पारखं झालं नाही.

आता प्रवेशाचं. आपली कॉलेजं दुर्गच्या हेमचंद यादव विश्वविद्यालयाखाली येतात. ते २०१५ मध्ये झालं, त्याआधी सगळं रायपूरच्या रविशंकर विद्यापीठाकडे होतं. फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन एवढंच विचार: इंग्रजी साहित्य हा मुख्य विषय म्हणून आहे का, आणि शिकवायला कायमचे प्राध्यापक आहेत की अतिथी व्याख्याते? सक्तीचं म्हणून जे इंग्रजी असतं ते वेगळं, त्याला इंग्रजी साहित्य समजू नकोस. दुसरं, सोबतच्या विषयांत हिंदी साहित्य नक्की घे. का, ते पुढे सांगते. बीएनंतर एमए दुर्गच्या सायन्स कॉलेजात करता येतं, म्हणजे शासकीय विश्वनाथ यादव तामस्कर महाविद्यालयात. नाव सायन्सचं असलं तरी कला शाखाही तिथे आहे. पावर हाउसहून लोकल धरली की दुर्गही जवळ आणि रायपूरही. बाहेर पडायची तयारी असेल तर बिलासपूरचं गुरु घासीदास केंद्रीय विद्यापीठ आहे, हैदराबादचं इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ आहे. आजोळ नागपूरकडचं असेल तर १९२३ पासूनचं नागपूर विद्यापीठही आहे.

आणि हो, "पुढे काय?"

शाळेत शिकवायचं असेल तर बीएड आणि टीईटी. २०२० पासून राज्यात स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा निघाल्या, त्यामुळे नीट इंग्रजी शिकवू शकणाऱ्या शिक्षकांची गरज वाढलीय. खासगी शाळांत सुरुवातीचा पगार कमी असतो, हे घरात आधीच सांगून ठेव. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएला निदान ५५ टक्के हवेत, आरक्षित वर्गाला ५०, आणि मग नेट किंवा राज्याची सेट. नेटमध्ये दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण प्रश्न असे असतात की कोणतं पात्र कुठल्या पुस्तकातलं, कोणता प्रसंग आधीचा आणि कोणता नंतरचा. मूळ वाचणारीला ते सोपे जातात, गाइडवालीला पाठांतराला अंत राहत नाही. सहायक प्राध्यापकांची भरती मात्र वर्षानुवर्षं निघत नाही. तिच्यावरच डोळे लावून बसू नकोस.

म्हणून तिसरी वाट, जी आपल्याकडे फार कमी मुलींना माहीत असते. केंद्र सरकारच्या खात्यांत अनुवादक लागतात, आणि कर्मचारी निवड आयोग त्याची परीक्षा घेतो. इंग्रजीत एमए, पदवीला हिंदी विषय, आणि त्यासोबत अनुवादाचा डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट कोर्स, नाही तर सरकारी कार्यालयातला दोन वर्षांचा अनुवादाचा अनुभव असेल तर तू तिला पात्र ठरतेस. हिंदी साहित्य घे म्हणाले, ते यासाठी. पहिला पेपर दोन्ही भाषांच्या ज्ञानाचा, दुसरा प्रत्यक्ष अनुवादाचा आणि निबंधाचा. त्याशिवाय प्रकाशकांना, वृत्तसंस्थांना, उपशीर्षकं करणाऱ्यांना अशी माणसं लागतात जी मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत नीट लिहू शकतात. दोन भाषावाले पुष्कळ मिळतात. तीन भाषांत लिहिणारे फार थोडे.

बाबांशी बोलताना यातलं सगळं एका कागदावर मांडून घेऊन जा. रडून किंवा रुसून सांगू नकोस. कॉलेजचं नाव, विषय, फी, पुढच्या परीक्षा, सगळं लिहिलेलं असू दे. आपल्या घरातली पुरुष माणसं आयुष्यभर कारखान्याच्या शिस्तीत वागली आहेत, कागदावर आखलेलं काम त्यांना पटतं. आणि तो कागद करायच्या आधी 'हार्ड टाइम्स'ची पहिली तीन प्रकरणं वाच. वाचून पुढचं वाचावंसं वाटलं तर हा विषय तुझा आहे. नाही वाटलं, तर नुसतं नाव मोठं म्हणून तो घेऊ नकोस, आणि तेही मला मोकळेपणाने सांग, मी रागावणार नाही. पण वाटलं, तर प्रवेशाची शेवटची तारीख जवळ येईपर्यंत थांबू नकोस. याच रविवारी बोल. लागलं तर मला बोलाव, मी येते, पण पहिलं वाक्य तू बोलायचंस.